पातेल्यांवरचं मेण

त्यानं सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या त्याच्या सासूबाई झालेल्या नव्हत्या, आणि एका बंदुकीचा वास घेत होत्या.

नेमबाजी केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. खिडकीला जाळी, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे जाड फळ्यांचं टेबल आणि त्यावर तेलानं काळपटलेलं हिरवं कापड. तो तेव्हा वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात कामाला होता. जुनी नाणी, समया, तलवारी पुसायच्या आणि त्यांच्यावर मेणाचा पातळ हात द्यायचा, हे त्याचं काम. संग्रहालयातल्या एका जुन्या बंदुकीचा घोडा अडकत होता, म्हणून साहेबांनी त्याला ती घेऊन इथं पाठवलं होतं. टेबलामागच्या बाईंनी बंदूक हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीच्या टोकापासून दस्त्यापर्यंत नाक फिरवत नेलं.

"हे काय फासलंय हिला?"

"मेण आहे. गंज चढू नये म्हणून."

"मेण." बाईंनी तो शब्द दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब टाकावा तसा उच्चारला. "बंदूक आहे ही. मेणबत्ती नव्हे. हिला तेल लावतात."

"पण ही नुसती कपाटात राहते ना. तेल सुकतं, धूळ धरतं..."

"किती वर्षं झाली तुम्हाला बंदुकीच्या कामात?"

"बंदुकीच्या नाही. मी संग्रहालयात असतो."

"तेच म्हणते मी."

कोपऱ्यातल्या स्टुलावर आईचा डबा घेऊन आलेली लेक बसली होती. ती फिसकन हसली, तेव्हा कुठं खोलीत तिसरं माणूस आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुढं तिच्याशीच लग्न झालं, पण आपल्याआधी त्यानं आपल्या आईकडे पाहिलं, हे तिनं त्याला अजून माफ केलेलं नाही.

केंद्रावरचे सभासद या बाईंना पाठीमागं 'पोलादबाई' म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. अंगानं काटकुळ्या, उंचीनं बेताच्या, पण टेबलामागं उभ्या राहिल्या की टेबल त्यांच्यामागं उभं आहे असं वाटे. त्यांचे यजमान या शस्त्रांच्या खोलीचे राखणदार होते. यजमानांच्या शेजारी बसून बाई सगळं शिकल्या, आणि यजमान गेल्यावर कमिटीनं किल्ली तात्पुरती त्यांच्याकडे दिली. त्या 'तात्पुरती'ला पुढं केस पिकले. किल्ली बाईंच्या कमरेला होती, आणि बाई असेतो ती तिथंच राहणार, असं बाईंसकट सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

तुच्छता त्या हत्यारासारखी वापरत. रोज पुसलेली, जागच्या जागी ठेवलेली, हात घातला की लगेच सापडणारी. एखादा सभासद महागडे हातमोजे घालून आला की त्या विचारत, "थंडी वाजतेय का?" कुणी नव्या दुर्बिणीचं कौतुक सांगू लागला तर म्हणत, "छान. आता लक्ष्य दिसेल. लागणार कधी?" पोलाद सोडून दुसऱ्या कुठल्याही धातूला त्या धातू मानत नसत. पितळ म्हणजे दारावरच्या कड्या, जस्त म्हणजे बादल्या, आणि प्लॅस्टिकचा विषय काढला तर त्या नुसत्या समोरच्याकडे पाहत राहत.

लग्नानंतर दोनेक वर्षांत संग्रहालयानं कोठार बंद केलं आणि जावई घरी बसला. लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिच्या एकटीच्या पगारावर घर ओढणं जड जात होतं. तिनंच आईकडे शब्द टाकला.

"मेणबत्तीवाल्याला माझ्याकडे काय काम?"

"आई, तुला वरची कपाटं काढता येत नाहीत आता. गेल्या महिन्यात स्टुलावरून पडलीस."

"पडले नाही. उतरले."

"डोक्यावर?"

अशा रीतीनं जावयाची नेमणूक झाली. कायमची नव्हे, कमिटी दरसाल ठराव करून त्याला मुदतवाढ द्यायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला अहो-जाहो केलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. 'जावईबापू' म्हणत. घरी जेवायला बसला की त्या हाकेत मान असे. शस्त्रांच्या खोलीत तीच हाक कानफटात मारल्यासारखी लागे. "जावईबापू, ती नळी आरपार बघायची असते, तिच्यात तोंड बघायचं नसतं." "जावईबापू, स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. संग्रहालयात उलट असेल."

तोही काही गरीब गाय नव्हता. घरी गेल्यावर चष्मा कपाळावर चढवून तो आमटीच्या भांड्याचा वास घेई आणि सासूबाईंच्या आवाजात विचारी, "हे काय फासलंय हिला?" बायको आधी हसे. मग म्हणे, "पुरे आता. माझी आई आहे ती." म्हणजे आईची नक्कल किती वेळ करायची, याचंही माप घरात ठरलेलं होतं.

पहिल्याच वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती करून घेतली. एका पिस्तुलाला संग्रहालयाच्या सवयीनं त्यानं सगळीकडे मेण लावलं. वरचा पोलादी भाग खालच्या भागावर ज्या खाचांतून मागंपुढं सरकतो, त्या खाचांतसुद्धा. संग्रहालयातल्या वस्तू सरकत नाहीत. तिथं हे चाललं असतं. इथं दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर सरावाला उभे राहिले, एक गोळी झाडली, आणि वरचा भाग अर्ध्या वाटेत चिकटून बसला. हे डॉक्टर केंद्राचे सेक्रेटरी होते. सासूबाईंनी पिस्तूल हातात घेतलं, खाचेत नख फिरवलं, नखावर आलेली मेणाची वळी सगळ्यांना दाखवली.

"झोपलंय," त्या म्हणाल्या. "जावईबापूंनी अंगाई म्हटली असेल."

पुढचं वर्षभर केंद्रावर कुणाचंही हत्यार अडकलं की सभासद एकमेकांना "झोपलं का?" असं विचारत. जावई मान खाली घालून साफ करी. पण एक गोष्ट तो शिकला आणि विसरला नाही: जे हलतं त्याला तेल, जे नुसतं हाताळलं जातं त्याला मेण. सासूबाईंना हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी मेण एकदाच आणि कायमचं नापास झालं होतं.

मग ती हलकी पिस्तुलं आली. नवशिक्यांचा वर्ग वाढला होता, आणि पोलादी पिस्तूल लांब हातानं धरून त्यांचे खांदे दुखत होते. म्हणून कमिटीनं नवी घेतली. वरचा भाग पोलादी, पण हातात धरायचा खालचा सांगाडा, ज्याला फ्रेम म्हणतात, तो अ‍ॅल्युमिनियमचा. वरून काळा दिसे, पण तो रंग नव्हे. कारखान्यात विजेच्या साहाय्यानं धातूवरच चढवलेला पातळ, कडक थर होता तो. सासूबाईंनी पहिलं पिस्तूल खोक्यातून काढलं, तळहातावर तोललं आणि टेबलावर ठेवलं. वाजलंही हलकं.

"पातेलं आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं नाव पातेली. "पातेल्यांचा वर्ग सुटला का?" "त्या पातेल्यांची रोजची पुसापुशी तुम्ही करा, जावईबापू. मला भांडी घासायची घरी आहेतच."

जावयानं ती आनंदानं घेतली, कारण पहिल्यांदाच त्याला काही तरी स्वतःचं मिळालं होतं. नवशिक्यांच्या हाताला घाम फार. कुणी भीतीनं, कुणी हौसेनं, पण घामाघूम होत. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. पण काळा थर कडांना घासून गेला, आणि त्या उघड्या जागी पोलादी स्क्रू आणि घामाचा ओलावा एकत्र आले, की आतून पांढरी भुकटी फुलू लागते. ती त्यानं संग्रहालयात पाहिलेली होती. म्हणून रोज वर्ग सुटला की तो प्रत्येक फ्रेम स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा, वाळू द्यायचा, आणि महिन्यातून एकदा बोटभर फडक्यावर चिमूटभर मेण घेऊन इतका पातळ हात द्यायचा की लावलंय की नाही ते कळू नये. ते धुरकट झालं की कोरड्या फडक्यानं घासून चमक आणायची. खाचांना हात नाही. खाचांना तेल.

"अजून किती वेळ लाड करणार?" सासूबाई विचारत. "नाव ठेवा एकेकाचं आता."

"घाम बसत नाही आई त्याच्यावर. बघा ना हात लावून."

"मी पातेल्याला हात लावत नाही. जळतो."

डॉक्टरांच्या मात्र एक दिवस हे डोळ्यांत भरलं. दातांच्या धंद्यामुळं त्यांची नजर कुठल्याही पृष्ठभागावर आधी जायची. वर्षभर नवशिक्यांनी मळलेली पिस्तुलं काल खोक्यातून काढल्यासारखी दिसत होती. त्यांनी सगळ्यांच्या देखत, सासूबाईंच्या तर अगदी समोर, जावयाच्या पाठीवर थाप मारली. "वा. याला म्हणतात काळजी. बाई, तुमचे जावई निघाले की हो कामाचे."

सासूबाई हातातली नळी पुसत राहिल्या. ते वाईट लक्षण होतं.

त्याच महिन्यात कमिटीची बैठक झाली. केंद्राचं छत गळत होतं, ते बदलायला काही महिने लागणार. तोवर केंद्र बंद. सगळी शस्त्रं नीट करून कपाटांत ठेवायची. आणि केंद्र पुन्हा उघडताना शस्त्रांच्या खोलीला एक कायमचा माणूस नेमायचा, किल्ली त्याच्या हातात. बाईंचं वय झालं, हे डॉक्टरांनी शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. "जावयांना कायम करावं असं माझं मत आहे. पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही, बाई. पुढच्या आठवड्यात कपाटं बंद करताना मी येतो, तेव्हा सांगा. ते तयार आहेत की नाहीत, ते तुमच्याइतकं कोण सांगणार?"

घरी जाताना जावई मनात हिशेब करत होता. कायम होणं म्हणजे दरसाल मुदतवाढीसाठी डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर ताटकळत बसणं संपणं. आणि ते सगळं आता सासूबाईंच्या एका वाक्यावर आलं होतं. त्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल बरं वाक्य निघालेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"तू आईला सांगशील का काही?" त्यानं बायकोला विचारलं.

"मी सांगितलं तर ती हमखास नाही म्हणेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तरी नाही म्हणेल. पण मग माझ्यामुळं नाही."

आता शस्त्रं ठेवणीला घालण्याची सासूबाईंची एक पद्धत होती, आणि ती यजमानांपासून चालत आलेली होती. पूर्वीची काडतुसं अशी असत की झाडल्यावर नळीत खारट काजळी राही, आणि ती एका रात्रीत पोलाद खाई. त्यावर उपाय म्हणजे धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी. हत्यार सुटं करायचं, लाकडी मुठी काढायच्या, भाग पत्र्याच्या ट्रेमधल्या उकळत्या पाण्यात सोडायचे. खार विरघळतो, मग कोरडे करून तेल. तसली काडतुसं बंद होऊन जमाना झाला होता, पण वर्षातून एकदा सोड्याची अंघोळ चालूच होती. पोलादाचं तिनं काही बिघडत नव्हतं, म्हणून ती सोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी जावई खोलीत शिरला तो वाफेत. सासूबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या होत्या. शेगडीवर ट्रे चढला होता, आणि टेबलावर चार पोलादी वरचे भाग ओळीनं मांडलेले होते. खालचे भाग टेबलावर नव्हते.

"आई, आज कुठली घेतलीत?"

"पातेली."

त्याच्या हातातला जेवणाचा डबा त्यानं खाली ठेवला नाही, तो तसाच हातात राहिला. "पातेली मी करणार होतो."

"करणार होता. आठवडाभर एकेकाला गोंजारत बसणार होता. म्हटलं एकदा दाखवावं डॉक्टरला, जे तुम्हाला वर्षभर लागतं ते एका अंघोळीत होतं. तुमचं मेण बघा कुठं गेलं. दोन मिनिटं नाही टिकलं. नुसती साय आलीय वर."

त्यानं ट्रेत वाकून पाहिलं. पाण्यावर खरंच मेणाचा पातळ पापुद्रा तरंगत होता. पण त्याच्याखाली, फ्रेमच्या कडांवरून, बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. पाणी उकळल्याचे बुडबुडे तळातून येतात. हे धातूतून येत होते.

"आई, काढा ते बाहेर."

"मळ निघतोय."

"मळ नाही तो. अ‍ॅल्युमिनियम आहे. सोडा खातोय त्याला."

"काही खात नाही. इतकी वर्षं..."

तो चिमटा शोधत बसला नाही. फडकं गुंडाळून त्यानं हात घातला, पोळला, तरी एकेक फ्रेम उचलून गार पाण्याच्या बादलीत टाकली. बादलीतून निघाल्या त्या फ्रेम ओळखू येईनात. काळेपणा उतरून कुठं राखाडी, कुठं जांभळट डाग पडले होते, आणि कडा उघड्या, पांढुरक्या, जिभेनं चाटल्यासारख्या. चारही तशाच. बाकीची पिस्तुलं कपाटात होती, म्हणून वाचली.

सासूबाईंनी एक फ्रेम उचलली, चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमची भांडी होती, आणि त्यांत सोडा उकळायचा नसतो, भांडं काळं पडतं, हे त्या लेकीला ती शाळेत असल्यापासून बजावत आल्या होत्या. वर्षभर ज्यांना तोंड भरून पातेली म्हटलं, ती खरोखरच पातेल्याच्या धातूची आहेत, एवढंच ऐन वेळी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. जावयाला हे दिसलं. त्याच्या जिभेवर एक वाक्यही आलं होतं, चांगलं झोंबणारं, वर्षभराची परतफेड होईल असं. त्या तोच डाग अंगठ्यानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या म्हणून त्यानं ते गिळलं.

"माल हलका," सासूबाई म्हणाल्या आणि फ्रेम खाली ठेवली.

डॉक्टर दोन दिवसांनी आले. बरोबर कमिटीतले आणखी एकजण होते, लाकडाच्या वखारीचे मालक. डॉक्टरांनी डागाळलेली फ्रेम उजेडाकडे धरली, एखाद्याची कवळी पाहावी तशी सगळ्या बाजूंनी फिरवली.

"इनॅमल गेलंय," ते म्हणाले. "पार गेलंय. काय झालं?"

जावयाचा पोळलेला हात फडक्यात गुंडाळलेला होता. डॉक्टरांची नजर फडक्यावरून मेणाच्या डब्यावर गेली, आणि त्यांनी आपलं निदान करून टाकलं.

"हे मेण. मला आधीच शंका होती. या असल्या मेणात काय काय रसायनं असतात. वरवर चकचकीत दिसतं आणि आतून धातू सडतो. दातांचंही तसंच, लोक काहीबाही लावून पांढरे करतात आणि मग माझ्याकडे येतात." थोड्याच दिवसांपूर्वी पाठ थोपटल्याचं त्यांना आठवत नसावं. "तुमच्यावर विश्वास टाकला होता हो आम्ही."

"मी म्हणत होतोच," वखारवाले म्हणाले. ते आजवर याविषयी एक अक्षर बोललेले नव्हते.

जावयानं खाली पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सासूबाई शेजारी उभ्या असताना त्यांच्याकडे बोट दाखवायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या लेकीसमोर जेवायला बसायचं? शिवाय त्याच्या मनात एक हट्ट उभा राहिला होता. मी का सांगू? त्यांनी केलं, त्यांना तोंड आहे. जगातल्या प्रत्येक माणसाची चूक त्यांना दिसते; बघू तरी स्वतःची दिसते का. तो गप्प राहिला, आणि सासूबाईही गप्प राहिल्या. किल्ली त्यांच्या कमरेला होती. आणखी थोडा वेळ गप्प बसल्या असत्या तर ती तिथंच राहिली असती.

"तर मग," डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हालाच सांभाळावं लागणार पुढं. यांच्या मेणानं एवढं नुकसान..."

"मेणानं?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय. उघड आहे."

"मेणानं काय होतंय, डॉक्टर?" त्यांचा आवाज नेहमीच्या पट्टीवर आला. "मेणाला कधी धातू खाताना पाहिलंत? पाण्यात घातलं तर साय होऊन वर आलं ते. मेण लावलं काय, न लावलं काय. आणि हे..." त्यांनी जावयाकडे हनुवटी उडवली, "हे एवढं बिघडवणार? यांच्यात आहे का तेवढा दम? हे महिनाभर एका पिस्तुलाला फडक्यानं कुरवाळतात. चार फ्रेमांची एका सकाळी वाट लावायची तर हात लागतो हात. मी लावली. सोड्यात उकळली."

डॉक्टरांनी फ्रेम सावकाश टेबलावर ठेवली.

"सोड्यात? अ‍ॅल्युमिनियम?"

"मग काय गुलाबपाण्यात?"

"पण बाई, अहो, आमच्या घरीसुद्धा..."

"तुमच्या घरी काय ते मला माहीत आहे. माझ्याही घरी पातेली आहेत." त्यांनी कमरेची किल्ली काढली. ती काढायला वेळ लागला, कारण साखळीची कडी काढायची सवयच राहिली नव्हती. किल्ली त्यांनी डॉक्टरांना दिली नाही. टेबलावरून जावयापुढं सरकवली. "तुम्ही विचारलं होतं ना, हे तयार आहेत का. बाहेर काढा म्हणाले, तेव्हा यांनी मला 'आई' म्हणत हळूच सांगितलं. ओरडायला पाहिजे होतं. तेवढं यांना येत नाही. बाकी येतं."

मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "कुलपात घातली की जरा वर उचलून फिरवायची. नुसती फिरवली तर मोडेल. जमेल एवढं?"

"जमेल, आई."

"बघू."

वखारवाल्यांनी पुन्हा "मी म्हणत होतोच" म्हटलं.

घरी ही बातमी जावयाच्या आधी पोचली होती. बायको दारातच म्हणाली, "आईनं तुझी बाजू घेतली म्हणे?"

"बाजू नाही घेतली. माझ्यात काही बिघडवण्याचीसुद्धा लायकी नाही, असं म्हणाल्या. चारचौघांत."

"मग घेतलीच की," बायको म्हणाली, आणि त्याच्या हाताला मलम लावायला बसली. मलम तिनं इतकं पातळ लावलं की त्याला हसू आलं.

बिघडलेल्या चार फ्रेम कारखान्याकडे गेल्या आणि नवा काळा थर चढवून परत आल्या. बाकीच्या जावयानं स्पिरिटनं पुसून, मेण लावून ठेवल्या. छताचं काम अपेक्षेपेक्षा लांबलं, खोलीत ओल आली, एका भिंतीला बुरशीही धरली. केंद्र उघडलं त्या दिवशी सासूबाई आल्या. आता किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकेनात. त्यानं "या ना, आई" म्हटल्यावर आल्या आणि थेट कपाटाकडे गेल्या. एक हलकं पिस्तूल उचललं. फ्रेमच्या कडेवर, स्क्रूच्या भोवती, मुठीच्या खाली, सगळीकडे अंगठा फिरवला. पांढरी भुकटी कुठं नव्हती. मग त्यांनी वरचा भाग मागंपुढं ओढून पाहिला. तो सुळकन सरकला. खाचेत नख घातलं. नखावर तेल आलं, मेण आलं नाही.

जावई टेबलापाशी उभा होता. कायम झालेला माणूस, खिशात किल्ली, आणि परीक्षेला बसल्यासारखा.

"गुळगुळीत झालंय," सासूबाई म्हणाल्या. "निसटेल एखाद्याच्या हातातून."

त्यानं ते वाक्य घरी जाऊन बायकोला ऐकवलं. या खेपेला नक्कल केली नाही, जसंच्या तसं सांगितलं. बायको म्हणाली, याहून जास्त आईनं बाबांनाही कधी काही म्हटलं नव्हतं.

आता सासूबाई आठवड्यातून तीन सकाळी केंद्रावर येतात, शाळकरी मुलांच्या हवेच्या बंदुकांचे वॉशर बदलतात आणि दुपारच्या बसनं घरी जातात.